धुराचा हिशेब

मुंबई–गोवा महामार्ग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून जातो. हातखंबा येथे त्याला रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता मिळतो. या तिठ्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर जिल्ह्याचा व्यापार तुमच्या डोळ्यांसमोरून जाताना दिसेल. मार्च ते मे या महिन्यांत आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजाराकडे निघतात. मिरकरवाडा बंदरातील मासळी बर्फात घालून दूरच्या गावी जाते. जांभा दगडाचा चिरा घरबांधणीसाठी जातो. घाटावरून धान्य, साखर, भाजीपाला येतो. तुमची वह्या-पुस्तकेसुद्धा बहुधा ट्रकमधूनच येतात.

याच रस्त्यावर आणखी एक गोष्ट दिसते. भरलेला जुना ट्रक घाट चढू लागला की त्याच्या मागून काळा धूर निघतो. मागचा दुचाकीस्वार तोंडाला रुमाल लावतो. रस्त्याकडेचा दुकानदार मालावरची काजळी पुसत बसतो.

हा धूर कशामुळे होतो? तो कमी व्हावा म्हणून कोणते नियम केले आहेत? आणि त्या नियमांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण या पाठात शोधू या.

काळा धूर कशामुळे होतो?

जर्मनीतील रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याच्याच नावावरून इंजिनाला आणि इंधनाला ‘डिझेल’ हे नाव मिळाले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी लागत नाही. तेथे हवा इतक्या जोराने दाबली जाते की ती खूप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हे इंजिन जड ओझे ओढते आणि इंधनही कमी खाते. म्हणूनच ट्रक, बस, ट्रॅक्टर आणि मच्छीमारांच्या मोठ्या नौका डिझेलवर चालतात.

परंतु इंजिनात हवा कमी आणि डिझेल जास्त झाले, तर सगळे डिझेल जळत नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी होते. हवेची जाळी धुळीने भरली असेल, फवारा सोडणारा इंजेक्टर झिजला असेल किंवा गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला असेल, तर काजळी वाढते. चढणीवर धूर जास्त दिसतो याचे कारण हेच आहे.

काळा धूर डोळ्यांना दिसतो. पण त्यात न दिसणारे पदार्थही असतात. काजळीचे काही कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाहूनही लहान असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसांत खोलवर जातात. शिवाय, इंजिनातील उष्णतेमुळे हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतात. डिझेलमध्ये गंधक असेल, तर गंधकाचाही वायू निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा आहे, असे जाहीर केले.

हा धूर सर्वांत आधी कोणाच्या छातीत जातो? दिवसरात्र रस्त्यावर राहणाऱ्या ट्रकचालकाच्या आणि त्याच्या क्लीनरच्या. त्यानंतर गॅरेजमधील मिस्त्री, रस्त्याकडेचे विक्रेते आणि रस्त्याने पायी शाळेत जाणारी मुले यांच्या. म्हणजे धुराचे नियम ट्रकचालकाच्या विरुद्ध आहेत, असे समजणे बरोबर नाही. ते त्याच्याही भल्याचे आहेत.

नियम कसे कडक होत गेले?

आपल्या देशात १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम झाले. डिझेल गाड्यांच्या धुरातील विषारी पदार्थांवर १९९२ पासून मर्यादा आल्या. २००० साली युरोपातील पहिल्या पायरीइतके नियम आले. त्यानंतर पुढील वाट ठरवण्यासाठी केंद्र सरकारने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले हे शास्त्रज्ञ तुम्हांला ठाऊक असतील. समितीने २००२ साली आपला अहवाल दिला. नियम एकदम न आणता पायरीपायरीने आणावेत आणि गाड्यांबरोबर इंधनही स्वच्छ करावे, हे त्या अहवालाचे सूत्र होते.

या पायऱ्यांना ‘भारत स्टेज’ म्हणतात. २००५ साली सर्व देशात दुसरी पायरी आली. त्याच वर्षी मुंबई, पुणे यांसारख्या अकरा मोठ्या शहरांत तिसरी पायरी सुरू झाली. उरलेल्या देशात तिसरी पायरी २०१० मध्ये आली. चौथी पायरी १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली. पाचवी पायरी वगळून १ एप्रिल २०२० पासून आपण सहाव्या पायरीवर आलो. गाड्या या मर्यादांत बसतात की नाही, हे तपासणारी एक महत्त्वाची संस्था आपल्या पुण्यात आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. तिला ‘एआरएआय’ या नावाने ओळखतात.

या काळात किती फरक पडला ते पाहा. २००० सालच्या नियमांच्या तुलनेत सहाव्या पायरीवरील मोठ्या डिझेल इंजिनाने सोडायच्या कणांची मर्यादा सुमारे छत्तीस पटींनी कमी झाली आहे. नायट्रोजनच्या वायूंची मर्यादा सुमारे वीस पटींनी उतरली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे दहा हजार भागांपर्यंत प्रमाण चालत असे. चौथ्या पायरीत ते पन्नास भागांवर आले आणि सहाव्या पायरीत केवळ दहा भागांवर.

नियम पुढे जात असताना एकदा मोठीच धावपळ झाली. २०१७ साली चौथी पायरी सुरू होण्याच्या तोंडावर कारखान्यांकडे तिसऱ्या पायरीची आठ लाखांहून अधिक वाहने न विकता पडून होती. ती नंतरही विकू द्यावीत, अशी कंपन्यांची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी ती मागणी नाकारली. लोकांचे आरोग्य कंपन्यांच्या नफ्याहून मोठे आहे, असा त्या निर्णयाचा अर्थ होता. मग उरलेल्या दोन दिवसांत कंपन्यांनी किमती उतरवल्या आणि दुकानांसमोर गर्दी झाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या पायऱ्या नव्या गाड्यांसाठी असतात. सहावी पायरी आली म्हणून तिसऱ्या पायरीचा ट्रक दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून हटवला जात नाही. त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत. ते आपण पुढे पाहू.

नव्या ट्रकमध्ये काय असते?

सहाव्या पायरीच्या ट्रकमध्ये सायलेन्सरच्या जागी जणू एक छोटा कारखानाच बसवलेला असतो. त्यातील एका गाळणीत काजळीचे कण अडकतात. गाडी चांगल्या वेगाने काही वेळ चालली की गाळणी तापते आणि अडकलेली काजळी जळून जाते. पण गाडी सतत थांबत थांबत, कमी वेगाने चालली, तर गाळणी तुंबते. मग ती गॅरेजमध्ये साफ करून घ्यावी लागते.

दुसऱ्या भागात एका द्रवाचा फवारा सोडतात. या द्रवात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. चालक त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात. या फवाऱ्यामुळे नायट्रोजनच्या विषारी वायूंचे रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत होते. शेतात टाकायचा युरिया मात्र येथे चालत नाही. त्यातील अशुद्ध पदार्थांमुळे महागडी यंत्रणा निकामी होते. हा द्रव संपला, तर गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलिया या देशांत या द्रवाची मोठी टंचाई झाली. ट्रक उभे राहण्याची वेळ आली. एका साध्या द्रवावर किती मोठी वाहतूक अवलंबून आहे, हे त्यावरून कळते.

पूर्वी इंजिन बिघडले, तर हातखंबा किंवा चिपळूणचा मिस्त्री पाना घेऊन ते दुरुस्त करत असे. आता बिघाड शोधायलाच संगणक लागतो. कंपनीचे वर्कशॉप दूर असेल, तर गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली की भाडे बुडते.

एका ट्रकचा हिशेब

आता आपण वही-पेन घेऊन हिशेब करू. हिशेब, मालक, दलाल, कर्ज, हप्ता हे शब्द मराठीत आणि उर्दूत जवळजवळ सारखेच आहेत. त्यामुळे हा हिशेब तुम्हांला परका वाटणार नाही.

आपल्या देशातील सुमारे तीन चतुर्थांश ट्रकमालकांकडे पाच किंवा त्याहून कमी ट्रक आहेत. अनेकांकडे एकच असतो आणि तो ते स्वतः चालवतात. समजा, अशा एका माणसाने कर्ज काढून सहाव्या पायरीचा सहा चाकी ट्रक घेतला. नव्या यंत्रणेमुळे ट्रकची किंमत दीड लाख रुपयांनी वाढली, असे धरू. हे दीड लाख पाच वर्षांत, म्हणजे साठ महिन्यांत फेडायचे आहेत. १,५०,००० ला ६० ने भागा. दरमहा २,५०० रुपये येतात. व्याज वेगळे.

रत्नागिरीहून वाशी सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे. ट्रक एका लिटरमध्ये पाच किलोमीटर जातो असे धरले, तर ६५ लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले, तर ५,८५० रुपये झाले. युरियाचा द्रव डिझेलच्या सुमारे चार टक्के धरला, तर तो अडीच लिटरांहून थोडा जास्त लागेल. शिवाय टोल, टायर, विमा आणि जेवणखाण आहे. परतताना माल मिळाला नाही, तर रिकामी फेरी होते. रिकाम्या फेरीतही डिझेल जळतेच.

आता आंब्याच्या हंगामात त्याला महिन्यात दहा भाडी मिळाली असे समजा. मग २,५०० रुपयांपैकी प्रत्येक भाड्यावर २५० रुपये पडले. पावसाळ्यात काम कमी होते. त्या महिन्यात चारच भाडी मिळाली, तर प्रत्येक भाड्यावर ६२५ रुपये पडले. हप्ता तोच, पण ओझे अडीच पट झाले. बँक पावसाळा पाहत नाही.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहा. ट्रकमध्ये २५० पेट्या आहेत असे समजा. हंगामातील २५० रुपये त्या पेट्यांवर वाटले, तर एका पेटीला एक रुपया पडतो. व्याज, युरिया आणि दुरुस्ती धरून हा खर्च दुप्पट झाला, तरी पेटीला दोनच रुपये होतात. एका पेटीत पाच डझन म्हणजे साठ आंबे असले, तर एका आंब्यामागे चार पैसेही पडत नाहीत.

म्हणजे स्वच्छ हवा फार महाग नाही. ती सर्वांनी मिळून विकत घेतली, तर स्वस्त आहे. एकट्या माणसावर टाकली, तर ती त्याला पेलत नाही.

मग तो माणूस भाडे का वाढवत नाही? कारण भाडे तो ठरवत नाही. ते दलाल आणि माल पाठवणारा व्यापारी ठरवतात. त्याने शंभर रुपये जास्त मागितले, तर शेजारी उभा असलेला जुना ट्रक कमी भाड्यात जायला तयार असतो. त्या जुन्या ट्रकचे कर्ज फिटलेले असते. त्याच्या धुराची किंमत मात्र कोणाच्याही पावतीवर लिहिलेली नसते. ती रस्त्यावरील लोक आपल्या आरोग्याने भरतात.

जुन्या ट्रकचे काय?

जुन्या ट्रकमालकाचेही सगळे सोपे नाही. त्याला ठरावीक मुदतीने पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीचे यंत्र धुरातून प्रकाश सोडते आणि धुराने किती प्रकाश अडवला ते मोजते. चौथ्या पायरीच्या आधीच्या डिझेल गाड्यांसाठी ही मर्यादा ६५ एकके आहे आणि चौथ्या पायरीच्या गाड्यांसाठी ५०. हे प्रमाणपत्र नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उर्दूत आपण ज्याला ‘जुर्माना’ म्हणतो, तोच हा दंड.

याशिवाय परिवहन कार्यालयात, म्हणजे आरटीओत, गाडीचे ‘पासिंग’ करावे लागते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी होते. आठ वर्षांवरील मालवाहू गाड्यांवर महाराष्ट्रात पर्यावरण करही आहे. जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला वाहन करात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची सोय २०२१ च्या केंद्रीय नियमांत आहे. पण ज्याच्याकडे नव्या ट्रकचा पहिला हप्ताच नाही, त्याला सवलतीचा काय उपयोग?

इतर ठिकाणी काय घडले?

मुंबईच्या धुराविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले होते. २००१ साली न्यायालयाने शहरातील जुनी व्यापारी वाहने स्वच्छ इंधनावर आणावीत किंवा बंद करावीत, असे आदेश दिले. त्यानंतर मुंबईच्या टॅक्सी मोठ्या प्रमाणावर गॅसवर धावू लागल्या. त्यांच्यासाठी शहरात गॅसचे पंप उभे राहत होते. मालकाला गाडी बदला म्हणताना बदलण्याची सोयही असावी लागते, हे येथे दिसते.

अमेरिकेत लॉस अँजेलिस आणि लाँग बीच या बंदरांनी १ ऑक्टोबर २००८ पासून फार जुन्या ट्रकांना प्रवेश बंद केला. पुढील काही वर्षांत बंदरातील ट्रकांचे प्रदूषण खूपच घटले. नव्या ट्रकांसाठी अनुदानही देण्यात आले. पण अनेक एकट्या चालकांनी वाहतूक कंपन्यांकडून हप्त्यांच्या करारावर ट्रक घेतले. काही जण त्या हप्त्यांखाली इतके दबले की दिवसभर राबूनही हातात जवळजवळ काही उरत नसे. २०१७ साली तेथील वृत्तपत्रांनी ही हकिगत उघड केली. हवा स्वच्छ झाली, हे खरे. पण तिची किंमत ज्यांनी भरली, ते त्या बाजारातील सर्वांत दुर्बळ लोक होते.

आपल्या कोकणातही एक चांगला प्रयोग झाला आहे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी ‘रो-रो’ सेवा सुरू केली. यात भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवतात. ट्रकचे इंजिन बंद असते आणि चालकाला विश्रांती मिळते. डिझेल वाचते, टायर वाचतात आणि घाटातला धूरही वाचतो. या प्रयोगात हवेचा आणि ट्रकमालकाचा, दोघांचाही फायदा आहे.

खर्च कोणी सोसावा?

मित्रांनो, धुराचे नियम सैल करा, असे म्हणणे योग्य होणार नाही. श्रीमंत असो की गरीब, फुप्फुसे सर्वांची सारखीच असतात. पण नियमाचा फायदा सर्वांना आणि खर्च एकाला, ही वाटणीही न्यायाची नाही.

यावर उपाय आहेत. एक ट्रक असलेल्या मालकाला कमी व्याजाचे कर्ज मिळाले, तर हप्ता हलका होईल. मालकांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली, तर दलालाशी बोलताना त्यांचा आवाज मोठा होईल आणि परतीचा मालही मिळवता येईल. माल पाठवणाऱ्यांनी स्वच्छ ट्रकला पेटीमागे रुपया-दोन रुपये जास्त दिले, तर त्यांचे फारसे बिघडणार नाही. नव्या इंजिनांची दुरुस्ती शिकवणारे वर्ग गावोगावच्या मिस्त्रींसाठी निघाले, तर गाडी आठवडाभर उभी राहणार नाही. आणि रस्ता चांगला असेल, तर डिझेल कमी जळेल. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या खड्ड्यांत आणि वाहतुकीच्या कोंडीत जळालेल्या डिझेलचा खर्चही ट्रकमालकानेच सोसला.

मालकाच्या स्वतःच्या हातातही काही गोष्टी आहेत. हवेची जाळी साफ ठेवणे, इंजेक्टर वेळेवर तपासणे, टायरमध्ये योग्य हवा भरणे आणि प्रमाणाबाहेर माल न भरणे यांमुळे धूर कमी होतो. डिझेलही वाचते. काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि न जळता वाया गेलेले डिझेलच होय.

तुमच्यापैकी कोणाचे वडील, चाचा किंवा मामू ट्रक चालवत असतील. त्यांना या पाठातील हिशेब वाचून दाखवा आणि तो बरोबर आहे का, ते विचारा. त्यांच्या आकड्यांनी तो पुन्हा मांडा. नियम सरकार करते, यंत्र कारखाना बनवतो. पण त्या नियमाचे ओझे नेमके किती आहे, हे ते वाहणाऱ्या माणसालाच विचारावे लागते.

स्वाध्याय

१. डिझेलच्या इंजिनातून काळा धूर निघण्याची तीन कारणे लिहा.

२. ‘धुराचे नियम ट्रकचालकाच्याही भल्याचे आहेत.’ हे विधान स्पष्ट करा.

३. महिन्यात पाच भाडी मिळाली, तर २,५०० रुपयांपैकी प्रत्येक भाड्यावर किती रुपये पडतील? ते २५० पेट्यांवर वाटल्यास एका पेटीला किती पडतील?

४. रो-रो सेवेमुळे ट्रकमालकाला आणि प्रवासी जनतेला कोणते फायदे होतात?

५. पाठात आलेले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि ते मराठी वाक्यांत वापरा.

६. आपल्या परिसरातील एखाद्या ट्रकचालकाला किंवा गॅरेजमधील मिस्त्रीला भेटा. जुन्या आणि नव्या इंजिनांतील फरक विचारून दहा ओळी लिहा.